आधी ‘सा’ ठरवा, मग डबा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावकडच्या खानापूरजवळ जानेवारीत 10 दिवसांचं शिबिर आहे. 5 देशांतली 24 मुलंमुली, वय 16 ते 22, त्यांतली निम्मी आपल्याच भागातली, काही मराठी घरांतली, काही कन्नड. सगळ्यांनी मिळून टाकाऊ सामानातून वाद्यं करायची आणि शेवटच्या संध्याकाळी देवळापुढं गावाला ऐकवायची. कोणती वाद्यं घ्यावीत, सामान कुठून आणावं, आणि ती एकमेकांशी सुरात येतील का, असं तुम्ही विचारलंय.

येतील. पण बहुतेक लोक करतात त्याच्या उलट्या क्रमानं जावं लागेल. लोक आधी डबे, बाटल्या, पाइप गोळा करतात, मग त्यांचं काय होईल ते बघतात, आणि सूर शेवटच्या दिवशी शोधतात. माझं पहिलं शिबिर असंच झालं. मी मूळचा फिटर, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत आयुष्य गेलं, आणि संध्याकाळी गल्लीतल्या भजनात पखवाज. एका संस्थेनं बोलावलं म्हणून हौसेनं गेलो. बाटल्यांचे खुळखुळे तीसेक, डब्यांचे ढोल डझनभर, वर रंगरंगोटी झकास. कार्यक्रम झाल्यावर पुढं बसलेले एक म्हातारे बुवा एवढंच म्हणाले, “पत्र्यावर पाऊस पडल्यागत वाटलं बघा.” दुसऱ्या दिवशी सगळी वाद्यं परत कचऱ्यात. म्हणजे आम्ही कचऱ्याला दहा दिवस फिरवून आणलं, एवढंच.

तेव्हापासून मी एकच कसोटी धरलीय. वर्षभरानं ते वाद्य कुणी हातात घेऊन वाजवतंय का? ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द शाळेच्या फळ्यावर फार झाले. टिकायचं असेल तर आधी वाजायला पाहिजे.

तेव्हा पहिलं काम, आधी ‘सा’ ठरवा. तो शिबिरात बसून ठरवायचा नाही, आताच ठरवायचा. शेवटच्या संध्याकाळी गावातली हार्मोनियम साथीला असेल, तर ती आधी जाऊन ऐका. जुन्या पेट्या मोबाइलवरच्या ट्यूनरशी जुळतातच असं नाही, आणि पेटी काही तुम्ही तिथल्या तिथं उतरवू-चढवू शकत नाही. पाइप कापता येतो, तार ताणता येते. जे बदलता येत नाही त्याच्याशी बाकीचं जुळवायचं. गावातले भजनी बुवा एखादा अभंग म्हणणार असतील तर त्यांची पट्टीही, म्हणजे ते कोणत्या सुराला ‘सा’ धरतात ते, विचारा. भजनातली माणसं वरच्या पट्टीत गातात, पांढरी एकच्या, म्हणजे पेटीवरच्या ‘सी’ सुराच्या, खर्जात त्यांना बसवलंत तर अभंग रंगणार नाही. बुवा नसतील तर मी पांढरी एक घेतो. पाहुण्या मुलांच्या गिटारला ती सोपी, आणि पेटीवर नवख्यालाही सापडते.

दुसरं, राग भूप घ्या. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. त्यामुळं या पाच सुरांत अर्ध्या सुराचं अंतर कुठंच येत नाही, आणि चोवीस जण एकदम काहीही वाजवत सुटले तरी कानाला टोचत नाही. आपण भूप म्हणतो, दक्षिणेकडं त्याला मोहन म्हणतात. हेच पाच सूर चीनच्या जुन्या संगीतात आहेत, स्कॉटलंडच्या कितीतरी लोकगीतांत आहेत, जपानच्या शाळेत शिकवतात त्या गाण्यांत आहेत. मी एकदा नुसते हे सूर पाइपांवर वाजवून दाखवले आणि सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरातलं एखादं गाणं यात बसतं का? अर्ध्या तासात चार देशांची गाणी निघाली. त्यांतलं एक अंगाईगीत आमच्या कडोलीच्या मुलीनं तिसऱ्या वेळी ऐकून उचललं आणि नाचणी दळताना आजी म्हणते त्या ओवीला जोडलं. हे असलं काही ठरवून होत नाही. सूर मोजके ठेवले की आपोआप होतं.

आता वाद्यं. चार प्रकार पुरेत, जास्त नकोत.

पहिला प्रकार थापीचे पाइप, यानं सगळ्यांचा धीर वाढतो. शेतात पाणी न्यायचा 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. आपल्या उसाच्या पट्ट्यात बांधावर फुटका, टाकून दिलेला असतोच. दोन्ही तोंडं उघडी ठेवून एका तोंडावर सपाट रबरानं थाप मारली की घुमणारा खर्ज निघतो. आतला हवेचा खांब थरथरतो, पाइप नव्हे, म्हणून लांबी हाच सूर. आवाजाचा वेग 25 अंश तापमानाला सेकंदाला सुमारे 346 मीटर. त्याला सुराच्या कंपनांच्या दुपटीनं भागायचं आणि दोन्ही तोंडांसाठी थोडं वजा करायचं, कारण हवा तोंडाबाहेरही थोडी हलत असते. दर तोंडामागं त्रिज्येच्या सहा-दशांश इतकं. मी हिशेब करून ठेवलाय. पाइप आतून 7 सेंटीमीटर असेल तर खर्जातला सा 128 सेंटीमीटर, रे 113.5, ग 101, प 84, ध 74.5 आणि वरचा सा 62. बेरीज करा, 563 सेंटीमीटर. 20 फुटी एका पाइपात सहाही सूर बसतात आणि करवतीच्या चुकीला हातभर तुकडा उरतो! मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

कापताना दोन सेंटीमीटर जास्तच ठेवा. लांब पाइप आखूड करता येतो. आखूड झालेला लांब करायला जोड शोधत बसावं लागतं.

एक इशारा. बाहेर सगळीकडं हे पाइप रबरी चपलेनं वाजवतात, व्हिडिओत तसंच दिसेल. आपल्याकडं देवळापुढं ते चालायचं नाही. एका गावात माझ्या मुलांनी चपला हातात घेतल्या आणि पुढच्या ओळीतले माळकरी उठून चालू लागले. वाद्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, मग चपलेनं बडवलेलं कसं सोसेल? कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा किंवा जाड फोम प्लायच्या फळीवर चिकटवून थापी करा. आवाज चपलेपेक्षा बरा येतो, आणि पाहुण्या मुलांना कारण नीट सांगितलं की तीच पुढं एकमेकांना टोकतात.

दुसरा प्रकार फुंकायचे बंद पाइप, म्हणजे एका टोकाला बुजवलेल्या नळ्या ओळीनं बांधायच्या. विजेच्या वायरिंगचा पाइप, आतून साधारण 2 सेंटीमीटर, कुठल्याही नव्या बांधकामाच्या ढिगात तुकडे मिळतात. नळी एका बाजूनं बंद असली की तोच सूर निम्म्या लांबीत मिळतो, म्हणून या नळ्या इतक्या छोट्या. वरच्या सप्तकातला सा 15.9 सेंटीमीटर, रे 14.1, ग 12.5, प 10.4, ध 9.2, तार सा 7.7. ही लांबी तोंडापासून बुचापर्यंतची, पाइपाची नव्हे. नळी दीड-दोन सेंटीमीटर लांबच कापा आणि बूच आत सरकवून सूर लावा. बूच कशाचं? हवाई चपलेच्या तळव्याचं. पाइपाचंच टोक घासून धारदार केलं की तळव्यातून बरोबर त्या मापाची चकती निघते. (इथं चप्पल चालते, ती कुणाला दिसत नाही.) ओठ लागणार म्हणून नळ्या साबणाच्या पाण्यात धुवा, कडा पॉलिश पेपरनं गोल करा, आणि ज्यानं केली त्यानंच फुंकायची.

बूच सरकतं ठेवायला आणखी एक कारण आहे. जानेवारीत आपल्याकडं पहाटे 15 अंश असतं, दुपारी 30 पर्यंत जातं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला 0.6 मीटर. पंधरा अंशांत पाइपाचा सूर जवळजवळ पाव सुरानं चढतो. तारेचं नेमकं उलट, ती उन्हात सैल होऊन उतरते. सकाळी जुळलेला मेळ दुपारी का बिघडला म्हणून पोरं एकमेकांवर ओरडत बसतात. ज्या वेळी कार्यक्रम, त्याच वेळी आदल्या दिवशी सूर लावा.

पांढरी एक सोडून दुसरी पट्टी घ्यावी लागली तर दर अर्ध्या सुराला लांबी साधारण साडेपाच टक्क्यांनी घटते. दोन-तीन पट्ट्या वर जाईपर्यंत हा आडाखा चालतो, बाकीचं कान सांगतो.

तिसरा प्रकार धातूच्या पट्ट्या किंवा पोकळ नळ्या, ठोकून वाजवायच्या. उद्यमबाग किंवा मच्छेच्या बाजूला कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमागं जा, एकाच जाडीचे तुकडे मागा. एकाच जाडीचे हे महत्त्वाचं, नाहीतर हिशेब बसत नाही. इथं लांबी निम्मी केली की सूर एका सप्तकानं वर जात नाही, दोन सप्तकं वर जातो. सूर लांबीच्या वर्गाच्या उलट चालतो. म्हणून सा 40 सेंटीमीटरचा धरला तर रे 37.7, ग 35.8, प 32.7, ध 31 आणि वरचा सा 28.3. लांबी फार घटत नाही हे बघून मुलांना वाटतं आपलं कापायला चुकलं. चुकलेलं नसतं.

टेकू कुठं द्यायचा, इथं बहुतेकांची पट्टी मुकी होते. टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर पट्टी हलतच नाही, तिथंच टेकवायची. 40 सेंटीमीटरला 9 सेंटीमीटर. आकडा सांगू नका, दाखवा. पट्टी दोन फोमच्या तुकड्यांवर ठेवा, वर चिमूटभर रवा भुरभुरा आणि मधोमध हलकेच ठोकत राहा. रवा नाचत नाचत दोन रेघांत जाऊन बसतो. कोणत्याही भाषेतल्या मुलाला हे एकदा बघितलं की पुरतं, दुभाष्या लागत नाही.

चौथा प्रकार आपला, तुणतुणं. यावर जास्त वेळ द्या असं माझं मत आहे. एक डबा, एक काठी, एक तार, एक खुंटी. शाहिराच्या मागं उभं राहून सा धरायचा आणि लय चालू ठेवायची, एवढंच त्याचं काम. ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याला पहिल्या संध्याकाळी मेळात उभं करणारं दुसरं वाद्य मला माहीत नाही. किलोभर मापाचा गोल डबा घ्या, दोन्ही बाजू कापा. पत्र्याचा तळ तसाच ठेवला तर आवाज किरकिरा येतो. खालच्या तोंडावर बकऱ्याचं कातडं किंवा जुनी एक्स-रे फिल्म ताणून बसवा. मधोमध भोक पाडून तार आतून घाला, खाली शर्टाचं बटण अडकवा, म्हणजे तार कातडं फाडत नाही. बाजूला अडीच फुटांचा बांबू दोन बोल्टांनी पक्का करा, दोऱ्यानं नको, काठी हलली की सूर गेला. वर लाकडी खुंटी, भोक किंचित निमुळतं. तारेला दुचाकीच्या जुन्या क्लच वायरचा एक पदर चालतो, पण गंजका नको. तार ताणताना सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, यात मी कुणाचं ऐकत नाही.

एक्स-रे फिल्मचं सांगतो. वस्तू उत्तम, पावसात सैल पडत नाही. पण कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, तारीख असते. ती पट्टी आधी कापून टाका. एका शिबिरात पोरांनी छातीचा फोटो दिसेल अशी फिल्म हौसेनं वर ठेवली आणि नाव वाचून गावातली एक बाई गप्प झाली. फिल्म तिच्या सासऱ्यांची होती.

खुळखुळे, झांजा वगैरे पहिल्या दिवशी दोन तासांत उरकून टाका. ज्वारी भरू नका, महिन्यात किडे होतात. जुन्या बेअरिंगचे छर्रे भरा, बाटली पाव भागापेक्षा जास्त भरू नका.

एक मात्र आवर्जून सांगतो, शहापूर-वडगावच्या मागवाल्यांकडं जा. जुने लाकडी धोटे अजून माळ्यावर पडलेले असतात. दोन धोटे एकमेकांवर आपटले की जो टणटणीत आवाज येतो, तो बाजारातल्या चिपळ्यांना नाही. वर्षानुवर्षं सुतातून धावून त्याचं लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. कापायचं नाही, रंगवायचं नाही, तसाच वाजवायचा. आणि ज्या मागावर तो धावला तो माग मुलांना दाखवा.

खानापूरची माती आणि कुंभारकाम तुमच्या दाराशी आहे. तडा गेलेलं मडकं घेऊ नका, ते मुकं असतं. माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं बघा. पण तोंड वाकडं झालं म्हणून बाजूला पडलेलं मडकं चालतं, त्यावर बकऱ्याचं कातडं बसवलं की गोव्याच्या घुमट या वाद्याचा भाऊ तयार. तुम्ही गोव्याच्या वेशीवर आहात म्हणून सांगून ठेवतो. जुन्या घरांत घोरपडीच्या कातड्याचं घुमट भेटेल. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते कातडं बंद आहे. पाहुण्या मुलानं आठवण म्हणून विकत घेतलं तर विमानतळावर भलतीच आफत येईल.

सामान गोळा करायला सगळ्या मुलांना गटानं पाठवा, आयतं आणून ठेवू नका. गटात एक मराठी, एक कन्नड, दोन पाहुणे. इथं एक गंमत नेहमी होते. आपण ज्याला भंगार म्हणतो त्याला आपल्याकडचं कन्नड पोर गुजरी म्हणतं, आणि कन्नडमध्ये बंगार म्हणजे सोनं. एका पाहुण्या मुलीनं दोघांना विचारून वहीत लिहून घेतलं आणि गोंधळून माझ्याकडं आली, “काका, हे कचरा आहे की सोनं?” मी म्हटलं, दुकानदाराला विचारू नकोस म्हणजे झालं, भाव वाढवेल.

भाषेची काळजी तुम्ही केलीय तेवढी करू नका. ‘सावकाश’ हा शब्द आपल्याकडं दोन्ही भाषांत चालतो, तोच शिबिराचा पहिला शब्द करा. बाकी बोल शिकवा. धागे नती नके धिन, आठ मात्रांचा केरवा, तोंडानं म्हणत टाळी द्यायची. बोलाला भाषांतर लागत नाही. एकदा एका बल्गेरियाच्या मुलाला रूपक दाखवला, सात मात्रा, तीन-दोन-दोन. तो हसला आणि त्यानं आपल्याकडचा नाच वाजवून दाखवला, तोही सातच, पण दोन-दोन-तीन. आमच्या एका पोरानं तावातावानं सांगितलं, “मामा, हा उलटा मोजतोय की!” त्यानंतर दोन दिवस ते दोघं जेवताना ताटावर भांडत होते, कुणाचं सुलटं आणि कुणाचं उलटं.

आता जरा अवघड भाग. तुम्ही पत्रात ‘हलगी आणि चौंडकंही करून बघू’ असं लिहिलंय. थोडं थांबा.

चौंडकं हे यल्लम्माच्या जोगत्यांचं वाद्य. भांड्याला खालून कातडं, त्यातून तार, तार ताणत-सोडत सूर वाकवायचा. डब्याचं चौंडकं फार छान होतं, मी करून बघितलंय. तरी शिबिरात करत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराशी ज्यांचं आयुष्य बांधलंय, त्यांच्या हातातली वस्तू आपण रंगीत खेळणं करून मिरवावी हे मला पटत नाही. एखाद्या जोगत्याला मानानं बोलवा, त्यांना वाजवू दे, मुलांना ऐकू दे. त्यांनी स्वतः म्हटलं की करा, तर करा.

हलगीचं वेगळं आहे. ती जरूर करा. लोखंडी कडं, त्यावर ताणलेली फिल्म, कडेला सहा बोल्ट, झाली. पण शिकवायला हलगीवाला बोलवा, तुम्ही-आम्ही शिकवू नये. पहिल्याच दिवशी तो कागद पेटवून त्याच्या आचेवर कातड्याची हलगी तापवेल, तेव्हा सगळी मुलं गोल करून बसतील. नंतर एखादा पाहुणा विचारणारच, हे वाद्य सगळे का वाजवत नाहीत? माझ्या एका शिबिरात विचारलं होतं, आणि आपल्याकडची चार मुलं खाली बघू लागली. हलगी कुणी वाजवायची, कातडं कुणी कमवायचं, हे आपल्या गावांत जातीनं ठरलेलं होतं आणि मनांतून अजून गेलेलं नाही. मी विषय बदलायला निघालो होतो. हलगीवाले मामाच म्हणाले, सांगा की त्यास्नी, लपवताय कशाला? मग त्यांनीच सांगितलं. त्यानंतर मी एक नियम केला. हलगीवाल्याला, सतारवाल्याला आणि मला मानधन एकसारखं, आणि मंचावर बसायची जागा एकाच रांगेत. तुमच्या आयोजकांना हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर कुरकुर होते.

सतारवाल्यावरून आठवलं. एक दिवस मिरजेला न्या, कागवाडच्या पलीकडं लगेच आहे. तिथली सतार आणि तंबोरा बनवणारी घराणी मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी. हत्यारांचं काम संपलं तेव्हा त्याच हातांनी वाद्यदुरुस्ती धरली, त्याला दीडशे वर्षांहून जास्त झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथं छताला टांगलेले बघितले की मुलांना कळतं, तंबोराही शेवटी शेतातला एक सुकलेला भोपळाच आहे. उत्तर कर्नाटकातली जग्गलगी तर बैलगाडीच्या चाकावर म्हशीचं कातडं ताणून केलेली. टाकाऊतून वाद्य ही कल्पना परदेशातून आली असं कुणी म्हटलं तर ही दोन उदाहरणं द्या.

परदेशातली सांगायची तर पॅराग्वेतल्या कातेउरा इथल्या कचराडेपोशेजारच्या मुलांचा वाद्यवृंद सांगा. फाविओ चावेस या शिक्षकानं तेलाच्या डब्यांची व्हायोलिनं आणि एक्स-रे फिल्मचे ड्रम यांवर मुलांना रीतसर संगीत शिकवलं. वाद्य कचऱ्यातलं, पण रियाज रोजचा. त्रिनिदादचं स्टीलपॅनही सांगा, तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून सूर लावलेलं, आता त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य. पण तुमचा एखादा उत्साही मुलगा म्हणेल आपणही करू, तर नाही म्हणा. पिंपाचा तळ ठोकून सुरात आणणं हे वर्षांचं कसब आहे, दहा दिवसांत कानठळ्यांशिवाय काही मिळणार नाही.

पिंपांवरून धोक्याचं. पेट्रोल, थिनर, रॉकेल असलेलं बंद पिंप ग्राइंडरनं किंवा गॅसनं कापायचं नाही, रिकामं दिसलं तरी नाही. आत वाफ असते, ठिणगी पडली की स्फोट. फवारणीच्या औषधाचे डबे आणि बाटल्या हातही लावायचा नाही. निपाणीकडं तंबाखूला, अथणीकडं द्राक्षाला फवारणी चालते, डबे बांधावर पडलेले असतात. लेबलवर रंगीत त्रिकोण दिसला, लाल, पिवळा, निळा, हिरवा कोणताही, तर ते विष समजा. कितीही धुतलं तरी. पीव्हीसी पाइप वाकवायला आगीवर धरू नका, त्याचा धूर फुप्फुसाला जाळतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला, पाइपाला करवत लावू नका. यंत्रांची आयात लाकडी खोकी पेटीवाद्याला छान लागतात, बसून थाप मारायची पेटी, पेरू देशातली. खोक्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात एचटी अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेनं शुद्ध केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर विषारी वायूनं धुरावलेलं, सोडा. पत्र्याची प्रत्येक कापलेली कड कानशीनं मारायची आणि वर सायकलची ट्यूब चिरून चढवायची. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का हे नाव नोंदवतानाच विचारा.

वेळेचं असं बसवा. पहिले दोन दिवस फक्त ऐकणं, भंगार गोळा करणं, खुळखुळे. पुढचे चार दिवस कापणं-जोडणं, रोज चार तासांपेक्षा जास्त नको, हात दमले की बोटं कापली जातात. सातव्या दिवशी हत्यारं कुलपात. हे कठोरपणे करा, नाहीतर शेवटच्या रात्रीपर्यंत कुणीतरी रंग देत बसतं. उरलेले दिवस, आणि कापण्या-जोडण्याच्या दिवसांतला उरलेला वेळ, वाजवणं. निम्मा वेळ तरी वाजवण्याला नसेल तर ते सुतारकामाचं शिबिर झालं.

जानेवारी धरलात ते बरं केलंत. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात असतं, लॉज मिळत नाहीत आणि रस्ते अडलेले असतात. पावसाळ्यात खानापूर-कणकुंबी भागात कातडं ताणून धरतच नाही. गणपतीत ढोल-ताशावाले तुमच्याकडं फिरकणार नाहीत. आणि पुढं कधी तारीख बदलायची झाली तर 1 नोव्हेंबरच्या आसपास नको, कुणाचा राज्योत्सव आणि कुणाचा काळा दिवस, तुम्हाला सांगायला नको. कार्यक्रमाचा फलक मात्र दोन्ही लिपींत करा आणि अक्षरं सारख्या आकाराची ठेवा, फूटपट्टीनं मोजून. मी मोजतो.

पाहुणी मुलं काय घेऊन जातील, हेही आताच ठरवा. कातडं, सुकलेला भोपळा, कच्चा बांबू हे काही देशांत विमानतळावरच काढून घेतात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला तर खासच. बंद नळ्या सुट्या करून बॅगेत जातात. थापीचे पाइप आणि तुणतुणी इथंच राहू देत, गावातल्या शाळेत किंवा भजनी मंडळाकडं, मंडळाला आधी विचारून. त्याऐवजी प्रत्येकाला एक कागद द्या. त्यावर सगळ्या नळ्यांची, पट्ट्यांची मापं, टेकूची जागा, ‘सा’ कोणता धरला ते, आणि मागच्या बाजूला केरव्याचे बोल. नळाचा पाइप आणि करवत कुठल्याही देशात मिळते. मागच्या वेळच्या एका मुलीनं घरी जाऊन पाइप कापले आणि मला आवाज पाठवला. तिचा ध जरा चढा होता. तिला कळवलं, चकती दोन मिलिमीटर बाहेर ओढ.